एकवीस दिवसांचे वेळापत्रक

कर्जत मार्गावर राहणारी आम्ही माणसे अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाही. शेलूहून मुंबई किती लांब, असे कुणी विचारले तर 'दोन तास' असे उत्तर देतो. गाडी चुकली तर पुढची कधी, हे आम्हाला पाठ असते. पावसाळ्यात माथेरानचा डोंगर ढगात बुडालेला असतो, उल्हास नदी दुथडी भरलेली असते आणि शेलूच्या फलाटावरची माणसे त्या देखाव्याकडे न बघता इंडिकेटरकडे बघत असतात. आयुष्य वेळापत्रकाला बांधलेले म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

म्हणूनच ज्यांच्या शरीरालाच जन्मापासून एक वेळापत्रक जडलेले आहे, अशा माणसांविषयी थोडे लिहावेसे वाटले.

समजा, याच फलाटावर रोज सकाळी पंचविशीतली एक मुलगी उभी असते. खांद्याला पर्स, पिशवीत डबा, ठाण्याच्या एका कचेरीत नोकरी. लेडीज डब्यात ती मैत्रिणींबरोबर भाजी निवडते, भिशी लावते, कुणाच्या साखरपुड्याची साडी पसंत करते. पण दर एकवीस दिवसांनी ती कचेरीत जात नाही. त्या दिवशी ती मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात जाते, हाताला सुई लावून पाच-सहा तास पडून राहते, दोन पिशव्या रक्त घेते आणि संध्याकाळच्या गाडीने घरी परतते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा फलाटावर हजर असते.

ही मुलगी कुणी एक नव्हे. हिशेब नीट कळावा म्हणून मी तिला उभी केली आहे. तिच्या आजाराचे नाव थॅलेसेमिया मेजर. पुढचे सगळे आकडे मात्र खरे आहेत आणि आपल्या देशात हजारो कुटुंबे ते दररोज मांडत असतात.

या आजारात रक्तातले हिमोग्लोबिन नीट तयार होत नाही. दोष आई आणि वडील अशा दोघांकडून आलेल्या जनुकांत असतो. मूल जन्मते तेव्हा अगदी गुटगुटीत असते, कारण गर्भात असताना वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन काम करते आणि त्याच्यात दोष नसतो. ते ओसरू लागले की सहा महिन्यांनंतर, वर्ष-दीड वर्षाच्या आत मूल पांढुरके पडते, दूध टाकते, किरकिरे होते, पोट मोठे दिसू लागते. घरात आधी दृष्ट काढली जाते, मग टॉनिक येते. योग्य ठिकाणी रक्त तपासले जाते तेव्हा आजाराचे नाव कळते. १९२५ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या डॉ. थॉमस कूली यांनी या आजाराचे पहिले नीट वर्णन केले. तेव्हा उपचार असा नव्हताच. बहुतेक मुले शाळेच्या वयापर्यंतही पोहोचत नसत.

उपचार म्हणजे रक्त देणे. दोन ते चार आठवड्यांनी, आयुष्यभर. रक्त नियमित मिळाले, हिमोग्लोबिन नऊ-दहाच्या खाली जाऊ दिले नाही, तर मूल चारचौघांसारखे वाढते, शाळेत जाते, धावते, माथेरानच्या वाटेवर चढतेही. प्लीहा फार वाढलेली असेल तर धक्काबुक्कीचे खेळ टाळायचे, एरवी व्यायामाला मनाई नाही. मात्र यात दिरंगाई चालत नाही. पिशवी आठवडाभर उशिरा मिळाली की तो आठवडा दम लागण्यात, डोके दुखण्यात, जिना चढताना थांबण्यात जातो. आपण म्हणतो, 'बिचारीला बरे नसते.' खरे तर तिची गाडी लेट झालेली असते.

पण ज्या रक्ताने जीव वाचतो, तेच रक्त मागच्या दाराने शत्रूही आत आणते. रक्ताच्या एका पिशवीत दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह असते आणि शरीराला जादा लोह बाहेर टाकण्याची वाटच नाही. दिवसाला एखाद-दोन मिलिग्रॅम जाते तेवढेच. आमच्या शेलूच्या मुलीचा हिशेब करा. वर्षात सतरा खेपा, खेपेला दोन पिशव्या, म्हणजे चौतीस पिशव्या. वर्षाकाठी सात-आठ ग्रॅम लोह. निरोगी माणसाच्या अख्ख्या शरीरात तीन-चार ग्रॅम असते. म्हणजे दर वर्षी दोन माणसांचे लोह तिच्या अंगात साठते. ते हृदयात बसते, यकृतात बसते, ग्रंथींत बसते. वाढ खुंटते, वयात येणे लांबते, मधुमेह होतो आणि शेवटी हृदय थकते. रक्त मिळूनही विशीत जाणाऱ्या मुलांचा घात बहुधा या लोहानेच केला.

हे लोह काढणारे पहिले औषध इंजेक्शनच्या रूपात होते. रात्री झोपताना पोटाच्या कातडीखाली सुई खुपसायची, कमरेला छोटा पंप बांधायचा आणि आठ-दहा तास औषध हळूहळू आत जाऊ द्यायचे. आठवड्यातल्या पाच-सहा रात्री हेच. औषध महाग, पंप महाग आणि रोज रात्री पोटच्या पोराला टोचायचे काम आईचे. पैसे असलेल्या घरांतही मुले हात जोडत, 'आज नको ना.' पैसे नसलेल्या घरांत तर हा प्रश्नच उद्भवत नसे.

इथे आपल्या मुंबईचा वाटा अभिमानाने सांगण्यासारखा आहे. तोंडाने घ्यायचे लोहनाशक औषध, डेफेरिप्रोन, इंग्लंडमधल्या संशोधकांनी शोधले. पण त्याची रुग्णांवरची मोठी परीक्षा झाली ती मुंबईत. नव्वदच्या दशकाच्या आरंभी डॉ. एम. बी. अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला आणि १९९५ च्या सुमारास 'सिप्ला' कंपनीने ते 'केल्फर' या नावाने बाजारात आणले. जगात सर्वप्रथम हे औषध भारतात मिळू लागले. युरोपात त्याला १९९९ साली मान्यता मिळाली, अमेरिकेत २०११ साली. औषध निर्दोष नव्हते. सांधे दुखत, काहींच्या पांढऱ्या पेशी अचानक घसरत, म्हणून वरचेवर रक्त तपासावे लागे. तरीही सुईऐवजी गोळी आली. पुढे दिवसातून एकदाच घ्यायचे डेफेरासिरॉक्सही आले. ज्या आजारात पालक मुलाच्या लग्नाचा विचारच करत नसत, तिथे आता मुले पदवीधर झाली, नोकरीला लागली, चाळिशीत पोचली. इटली, ग्रीस, सायप्रस, इंग्लंड या देशांत पन्नाशी ओलांडलेले थॅलेसेमियाचे रुग्ण आहेत. उपचार नीट चालू असलेल्या स्त्रिया वैद्यकीय देखरेखीखाली आईही झाल्या आहेत.

हा आजार आपल्या परिसराला नवखा नाही. शेलूवरून वाहणारी उल्हास नदी पुढे बदलापूरकडे जाते आणि तिचेच नाव घेऊन वसलेले उल्हासनगर याच रेल्वेमार्गावर आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. माणसे सिंधमधून येताना भांडीकुंडी सोडून आली, पण रक्तातला वारसा कुणाला मागे ठेवता येत नाही. सिंधी समाजात थॅलेसेमियाच्या जनुकाचे प्रमाण देशाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे. पण म्हणून हा 'त्यांचा' आजार असे समजून कुणी निर्धास्त राहू नये. पंजाबी, गुजराती, लोहाणा, कच्छी भानुशाली, बंगाली आणि आपल्याकडे सारस्वत, कोळी, महार अशा निरनिराळ्या समाजांत तो आढळतो. आदिवासी समाजांत त्याचा भाऊबंद म्हणावा असा सिकलसेल आहे. त्यातही हिमोग्लोबिनचाच दोष, पण तिथे वेदनेचे झटके येतात. पुण्याजवळ हडपसरच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळाचे डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी पाड्यांत जाऊन सिकलसेलचे काम केले. २०१९ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली.

असा घातक जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा? याचे उत्तर जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ साली सुचवले. पुढे हे शास्त्रज्ञ भारतात स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. ज्याच्याकडे असा एकच जनुक असतो त्याला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळत असावे, असा त्यांचा तर्क होता. म्हणजे पूर्वजांना हिवतापातून वाचवणाऱ्या ढालीचे ओझे आज ही मुले वाहत आहेत. 'आमच्या घराण्यात असले काही नाही' असे तावातावाने सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. यात कुणाचे पाप नाही आणि कुणाची कूसही वाईट नाही.

मुद्दाम सांगायचे कारण असे, की दोष नेहमी सुनेच्या माथी येतो. वस्तुस्थिती अशी : एकच सदोष जनुक असलेला माणूस, ज्याला थॅलेसेमिया मायनर किंवा वाहक म्हणतात, तो पूर्ण निरोगी असतो. टेनिसपटू पीट सॅम्प्रस याच गटातला; त्याने चौदा ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवली. वाहकाचा आजार पुढे वाढून कधी 'मेजर' होत नाही. मात्र नवरा आणि बायको दोघेही वाहक असतील, तरच प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी शक्यता असते की मूल मेजर होईल. दोघांचा वाटा अगदी समसमान. आणि 'एक झाले, आता पुढची तीन सुखरूप' हा हिशेब चुकीचा आहे. फासा दर वेळी नव्याने पडतो.

वाहक आहे की नाही, हे हिमोग्लोबिन ए-टू नावाच्या एका रक्ततपासणीत कळते. आयुष्यात एकदाच करायची ही तपासणी आहे. परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था या विषयात कितीतरी वर्षे काम करते आहे. दोघेही वाहक निघाले तर गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात गर्भाची तपासणीही करता येते. सायप्रससारख्या लहानशा बेटावर दर सात माणसांत एक वाहक होता. तिथे सत्तरच्या दशकापासून मोहीम निघाली, पुढे लग्नाआधी तपासणीचा दाखला चर्चनेच मागायला सुरुवात केली आणि मेजर मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. विशेष म्हणजे तपासणीने लग्ने मोडली नाहीत. वाहक निघालेल्या बहुतेक जोडप्यांनी लग्न केलेच. आपल्याकडे दर वर्षी दहा हजारांवर अशी मुले जन्माला येतात, असा अंदाज आहे. पत्रिका जुळवायला आपल्याला वेळ असतो. रक्ताची एक चिठ्ठी मात्र राहून जाते.

पण पुढची मुले जन्मू नयेत एवढेच बोलत राहिलो, तर जी जन्मली आहेत त्यांचा आपण नकळत अपमान करतो. त्यांना पूर्ण आयुष्य जगायचे आहे आणि तिथे अडथळा पुष्कळदा आजाराचा नसतो, आपल्या समजुतींचा असतो.

चंडीगडचे सुखसोहित सिंग यांचे उदाहरण घ्या. थॅलेसेमिया मेजर असलेला हा तरुण केंद्रीय लोकसेवा आयोगाची २००८ ची परीक्षा उत्तीर्ण झाला. अभ्यास, मुलाखत, सगळे पार पडले आणि वैद्यकीय तपासणीत त्याला अपात्र ठरवण्यात आले. ज्याने लहानपणापासून रक्त घेत घेत देशातली सर्वात कठीण परीक्षा दिली, त्याला 'तुला काम झेपणार नाही' असे सांगण्यात आले. त्याने दाद मागितली, पंतप्रधानांपर्यंत गाऱ्हाणे नेले आणि अखेर २०११ मध्ये तो सरकारी सेवेत रुजू झाला. एकट्याच्या लढाईने दार उघडले खरे, पण किती जण अशी लढाई लढू शकतात?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांना दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले. त्यामुळे प्रमाणपत्र मिळते, ठरलेल्या मर्यादेवर दिव्यांगत्व असेल तर उच्च शिक्षणातल्या राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. उपचारासाठीच्या प्रवासात रेल्वेभाड्याची सवलतही आहे. पण सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के आरक्षणात या रक्ताच्या आजारांचा समावेश नाही. खासगी नोकरीत तर मुलाखतीला खरे सांगावे की लपवावे, हाच पहिला प्रश्न असतो. आमच्या शेलूच्या मुलीला वर्षाला सतरा दिवस हवेत. तेवढ्या रजा तर गावच्या जत्रेला, लग्नसराईला आणि गणपतीला आपण सगळेच घेतो.

लग्नाचेही तसेच. मेजर असलेल्या व्यक्तीचा जोडीदार वाहक नसेल, तर त्यांचे एकही मूल मेजर होत नाही. सगळी मुले वाहक होतात, म्हणजेच निरोगी. शास्त्र इतके स्वच्छ सांगते. पण स्थळ सांगून येते तेव्हा शास्त्र कोण विचारतो?

मग आजार मुळातूनच बरा होत नाही का? होतो. भावंडाचा मगज जुळला तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने होतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. मॅमेन चंडी यांनी १९८६ साली थॅलेसेमियाच्या मुलावर ते केले. कोल इंडियाने २०१७ पासून गरीब कुटुंबांसाठी या उपचाराला दहा लाखांपर्यंत मदत देणारी योजना चालवली आहे. पण जुळणारे भावंड प्रत्येकाला नसते आणि वय वाढले, लोह साठले की धोका वाढतो. २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये जनुकसंपादनाच्या उपचाराला मान्यता मिळाली, पाठोपाठ अमेरिकेतही. तिथली किंमत वीस लाख डॉलरच्या वर आहे. विज्ञानाची गाडी सुटली आहे, यात शंका नाही. ती शेलूला कधी थांबेल, ते आज कुणी सांगू शकत नाही. तोवर भिस्त रक्ताच्या पिशवीवर.

आणि ही पिशवी कारखान्यात तयार होत नाही. एके काळी पैशासाठी रक्त विकणारे दाते असत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून ती पद्धत बंद झाली. दूषित रक्तातून कावीळ आणि एचआयव्ही झालेल्या मुलांनी तोवर मोठी किंमत मोजली होती. आता सगळी मदार स्वेच्छेने रक्त देणाऱ्यांवर आहे. पण आपले रक्तदान सणावाराचे असते. पुढाऱ्याचा वाढदिवस, जयंती, पुण्यतिथी असली की एका दिवसात पिशव्यांचा ढीग जमतो. तांबड्या पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवसच टिकतात. मग एप्रिल-मे येतो, कॉलेजे बंद होतात, माणसे गावी जातात आणि रक्तपेढ्यांत खडखडाट होतो. जागतिक थॅलेसेमिया दिवस ८ मे रोजी असतो, नेमका या टंचाईत. भाषणे होतात आणि त्याच दिवशी कुठल्या तरी आईला 'उद्या या' असे सांगितले जाते. शेलूहून आलेल्या माणसाला 'उद्या या' म्हणजे आणखी चार तासांचा प्रवास आणि आणखी एक बुडालेला रोज.

अशा माणसांच्या जिद्दीच्या गोष्टी आपण आवडीने वाचतो. 'केवढी हिंमत!' म्हणतो आणि पान उलटतो. हिंमत असतेच, तिच्याशिवाय कुणी शेकडो वेळा सुई टोचून घेऊ शकत नाही. पण रक्तपेढीच्या शीतकपाटात पिशवी नसेल तर त्या हिंमतीचा उपयोग काय? रुग्णाने आपले काम चोख केलेले असते. ठरलेल्या दिवशी तो येतो, गोळ्या घेतो, फेरिटिनची तपासणी करतो. त्याच्या वेळापत्रकाचा अर्धा भाग आपल्याकडे आहे आणि तो आपण पाळत नाही.

शेवटी एक साधा हिशेब. निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी, स्त्रीला चार महिन्यांनी रक्त देता येते. म्हणजे पुरुष वर्षाला चार पिशव्या देऊ शकतो. शेलूच्या त्या मुलीला चौतीस लागतात. नऊ पुरुषांनी वर्षातून चार वेळा, ठरवून, आळीपाळीने, मे महिना न चुकवता रक्तपेढीत रक्त दिले तर छत्तीस होतात. तेच रक्त तिला जाईल असे नाही, गट जुळवून रक्तपेढी तिला दुसरे देईल. पण पेढीतली तिची जागा भरलेली राहील.

कर्जत लोकलच्या एका डब्यात रोज ठरलेल्या जागी बसणारा भजनाचा एक गट घ्या, पत्ते खेळणारा एक कोंडाळा घ्या. नऊ जण सहज निघतात. रोज तीच गाडी पकडायची शिस्त त्यांच्या अंगात आहेच. तीन महिन्यांनी एकदा त्यांनी घरी जाण्याआधी अर्धा तास एखाद्या रक्तपेढीत थांबावे. ते कुणासाठी थांबले, हे त्यांना कधी कळणार नाही. पुढच्या लेडीज डब्यात ती भाजी निवडत बसलेली असेल.